योहान ३:१६ शब्दाशब्दाने शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

प्रभूच्या नावात सलाम.

‘देवाने जगावर एवढी प्रीती केली की, त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला, अशासाठी की, जो कोणी त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याचा नाश होऊ नये, तर त्याला सार्वकालिक जीवन प्राप्त व्हावे’ हे संडे स्कूलपासून पाठ असलेले वचन तुम्ही आम्हाला पुन्हा वाचायला शिकवलेत, त्याबद्दल हे उघड आभारपत्र.

सुरुवात तुम्ही ‘एवढी’ या शब्दापासून केलीत. ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली’ म्हणताना आपण प्रीतीचे माप सांगतो. ग्रीकमध्ये तिथे ‘हूतोस’ आहे, म्हणजे ‘अशा रीतीने’. दोनच वचने आधी, ३:१४ मध्ये, मोशेने सर्प उंच केला ‘तसे’ मनुष्याच्या पुत्राला उंच केले पाहिजे, तिथला ‘तसे’ही हूतोसच. मराठीत एका जागी ‘तसे’ आणि दुसऱ्या जागी ‘एवढी’ आल्यामुळे सर्पापासून वधस्तंभाकडे जाणारा धागा डोळ्यांआड होतो. मात्र ‘एवढी’ खोडून टाका, असे तुम्ही कधी म्हणाला नाहीत. पुढे ‘होस्ते’, म्हणजे ‘की’, आहे, तो परिणाम सांगतो आणि ‘एदोकेन’, म्हणजे ‘दिला’, हे घडून गेलेले कृत्य आहे. प्रीती कशी केली, याचे उत्तर त्या देण्यात आहे आणि तिची थोरवीही तिथेच कळते.

‘एकुलता एक’ यासाठी ग्रीकमध्ये असलेल्या ‘मोनोगेनेस’बद्दल तर किती आभार मानावेत! ‘गेन्नाओ’, म्हणजे जन्म देणे, यावरून हा शब्द आला असे सर्रास सांगितले जाते. पण गेन्नाओमध्ये दोन ‘न’ आहेत, मोनोगेनेसमध्ये एकच. त्याचे नाते ‘गेनोस’शी, म्हणजे प्रकार किंवा कुळ या शब्दाशी आहे. शब्दाच्या फोडीवर न थांबता तुम्ही त्याचा वापर दाखवलात. लूक ७:१२ मधला नाईनच्या विधवेचा मुलगा, ८:४२ मधली याईराची मुलगी, आणि सर्वांत बोलका दाखला इब्री ११:१७ चा. अब्राहामाला इश्माएल हा आणखी एक मुलगा असूनही इसहाक तिथे मोनोगेनेस आहे, कारण वचनाचा पुत्र तोच. आपला ‘एकुलता एक’ हा शब्द इथे फार सुंदर बसतो. त्यात एकटेपण आहे आणि जिवापाड जपणेही आहे.

प्रीतीसाठीच्या दोन ग्रीक शब्दांबद्दलचे ‘अगापे (क्रियापद अगापाओ) म्हणजे दैवी प्रीती, फिलेओ म्हणजे माणसांची’ हे समीकरण तुम्ही योहानाच्याच पुस्तकातून मोडून काढलेत. पिता पुत्रावर प्रीती करतो हे सांगताना ३:३५ मध्ये अगापाओ आहे आणि ५:२० मध्ये फिलेओ. शिवाय ३:१९ मध्ये माणसांनी अंधाराची ‘आवड धरली’, तिथेही क्रियापद अगापाओच! देवाने जगावर प्रीती केली आणि माणसांनी अंधारावर. तीन वचनांच्या अंतरातला हा विरोध मराठीत ऐकू येत नाही. प्रवचनात तो सांगायलाच हवा, असे आम्हाला आता ठामपणे वाटते.

‘नाश होऊ नये’ यातले ‘अपोल्लुमी’ लूक १५ मधल्या हरवलेल्या मेंढरालाही लागते, आणि हेरोद राजा बाळ येशूचा घात करू पाहतो त्या मत्तय २:१३ मध्येही. इथेच चूक होते: कोशातले सगळे अर्थ एकाच जागी ओतले जातात. ३:१६ मध्ये समोर सार्वकालिक जीवन आहे, म्हणून ‘नाश’ हाच अर्थ नेमका.

तुम्ही घालून दिलेला क्रम वहीच्या पहिल्या पानावर आहे. शब्द आधी त्याच पुस्तकात शोधायचा, मग उरलेल्या नव्या करारात, मग जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात. फोड सर्वांत शेवटी. स्ट्राँगच्या बायबल शब्दसूचीतला क्रमांक, उदाहरणार्थ मोनोगेनेसचा ३४३९, हा शब्द सापडावा म्हणून असतो. त्यावरून अर्थ ठरवायचा नाही.

याच क्रमाने आता ३:३ मधला ‘अनोथेन’ घेतला आहे. जन्म ‘नव्याने’ की ‘वरून’? ३:३१ मध्ये तो स्पष्टच ‘वरून’ आहे, येशूशी बोलणारा निकदेम मात्र आईच्या उदरात परत जाण्याबद्दल विचारतो. वही सोबत पाठवत आहोत, सवडीने तपासावी.

आपले कृतज्ञ,
बायबल अभ्यासाचे विद्यार्थी