निळ्या रेषेच्या आतून: जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझ्या घरावर मजला चढवायची परवानगी नाकारल्याचा कागद आला. कारण एका ओळीचं: घर निळ्या पूररेषेच्या आत आहे. या रेषेची फेरमोजणी करू, असा शब्द मतं मागायला आलेल्यांनी चिपळुणात येऊन दिला होता. तो शब्द कुठल्या रेषेच्या आत बुडाला, ते कळवावे.

पूररेषा नकोच, असं मी म्हणत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी माझ्या माळ्याला लागलं. आई, बायको आणि मी कौलं काढून वर बसलो. खाली दुकानातली तांदळाची पोती फुगून फुटली, नंतर महिनाभर तो आंबूस वास भिंतीतून गेला नाही. आईची शुगरची औषधं वाहून गेली. पंचनाम्याला आलेले साहेब चिखल बघून उंबऱ्यातूनच वळले आणि भरपाई किती मिळाली ते सांगायलाही लाज वाटते. मजला हवाय तो मिरवायला नव्हे, पाणी आलं तर चढायला!

निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. आम्ही २००५ ला बुडालो, २०२१ ला पुन्हा बुडालो. भूगोलाच्या कुठल्याही मास्तरांना विचारा. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात एक, आणि तीस वर्षं घराचे हप्ते फेडणाऱ्याला तो पूर गाठायची शक्यता चारात एकाहून जास्त. हे फ्लॅट विकताना कोण सांगतं?

वरून सह्याद्रीचा पाऊस आणि कोयनेच्या वीजघरांतून वीज करून सोडलेलं पाणी, म्हणजे अवजल, खालून दाभोळच्या खाडीची भरती, मधे शिवनदी आणि गाळाने भरलेलं पात्र. गाळ काढला म्हणता. किती? आकडा दर भाषणात वाढतो. आणि माझ्या घरावरून सरळ गेलेली रेषा पलीकडच्या भरावापाशी अशी काय वळली, की तिथे तीन मजली कॉम्प्लेक्स उभं राहतंय? पाण्याला वशिला कळत नाही हो.

हे एकट्या चिपळूणचं नाही. दरडीखाली गेलेली गावं आठवा: माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. इर्शाळवाडी तर म्हणे दरडीच्या धोक्याच्या यादीतच नव्हती. डोंगर काय यादी वाचून खाली येतो? गाडगीळ समितीचा पश्चिम घाट जपण्यासाठीचा अहवाल २०११ पासून पडून आहे. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, पोरांना सरासरीने गुण दिले. तेव्हा कोरोना होता. सरकारने हा विषय कधी आणि कशामुळे सोडला?

विद्यापीठांच्या भूगोल विभागांतली माणसं गल्लीत पाठवा. त्यांना उतार मोजू द्या, भराव मोजू द्या, भिंतींवरच्या पुराच्या खुणा बघू द्या. माझ्या भिंतीवरची मी पुसलेली नाही. कुठल्या गल्लीत किती फूट पाणी चढेल, ते मराठीत लिहून नकाशा नगरपरिषदेच्या दारावर लावा. मग त्या रेषेच्या आत कोणालाच बांधू देऊ नका, अगदी कोणालाच. माझ्या घराचं मोल द्या, मी उठतो.

पावसाळा तोंडावर आलाय. मजल्याची परवानगी जमत नसेल तर होडी ठेवायची तरी द्या.

आपला,
एक चिपळूणकर मतदार