लेफ्टनंट रॉबिन्सन यांचं मैदान आणि सैनिकांची जमीन

प्रति,
माननीय मंत्री,
माजी सैनिक व्यवहार खातं, अमेरिका

मंत्रिमहोदय,

वेस्ट लॉस एंजेलिसमध्ये तुमच्या खात्याच्या जमिनीवर यूसीएलए विद्यापीठाचं स्टेडियम आहे, कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांच्या नावाचं. १९८१ साली सुरू झालेलं, १,८२० प्रेक्षकांचं छोटंसं बेसबॉल मैदान. ही जमीन १८८८ मध्ये सिनेटर जॉन जोन्स आणि अर्काडिया दे बेकर यांनी अपंग सैनिकांच्या निवाऱ्यासाठी दान दिली होती. याच शहरात राहणारा एक मराठी माणूस म्हणून मी हे लिहितो आहे.

१५ एप्रिल १९४७ ही तारीख सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरले आणि मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलची, दारं कृष्णवर्णीयांसाठी उघडली. मला त्याआधीची एक तारीख जास्त मोलाची वाटते. ६ जुलै १९४४, टेक्सासमधला कॅम्प हूड हा लष्करी तळ. सेकंड लेफ्टनंट रॉबिन्सन यांना, कृष्णवर्णीय म्हणून, बसच्या ड्रायव्हरने मागे जाऊन बसायला फर्मावलं. ते गेले नाहीत. त्यांच्यावर कोर्टमार्शल, म्हणजे लष्करी खटला, चालला. २ ऑगस्टला ते निर्दोष सुटले, पण आपल्या ७६१ व्या टँक बटालियनबरोबर युरोपच्या रणांगणावर काही जाऊ शकले नाहीत. नोव्हेंबरमध्ये त्यांना सन्मानाने सेवामुक्त केलं गेलं. म्हणजे ज्यांच्यासाठी तुमचं खातं आहे, त्यांच्यापैकीच ते एक.

सप्टेंबर २०२४ मध्ये, माजी सैनिकांनी घरांसाठी केलेल्या खटल्यात, न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी या जागेचा विद्यापीठाशी झालेला भाडेकरार बेकायदा ठरवला. मैदानाला काही काळ कुलूप लागलं. तुमच्या खात्याने अपील केलं. हे अपील मला खटकतं, कारण २०२१ मध्ये याच आवाराच्या कुंपणाबाहेर, सॅन विसेंट रस्त्यावर, माजी सैनिक तंबू ठोकून राहत होते आणि त्या तंबूंवर अमेरिकेचे झेंडे होते. लॉस एंजेलिस परगण्यात २०२४ च्या गणनेत सुमारे ३ हजार माजी सैनिक बेघर होते.

मैदानावर खेळणाऱ्या मुलांचा यात काडीचाही दोष नाही. माजी सैनिकांची घरं पार्किंगच्या आणि मोकळ्या जागांवर मावत असतील, तर आधी तिथेच बांधा. मावत नसतील, तर मैदान दुसरीकडे न्या. रॉबिन्सन यांच्या स्मृतीचा अवमान होईल म्हणून कुणी हरकत घेतली, तर ती मानू नका. यूसीएलएकडून ते चार खेळ खेळले आणि बेसबॉल त्यांतला सर्वांत कच्चा होता. १९४० च्या मोसमात त्यांची फलंदाजीची सरासरी अवघी .०९७ होती, म्हणजे दहा प्रयत्नांत जेमतेम एक यशस्वी फटका. त्यांचं मोठेपण या हिरवळीवर अवलंबून नाही. शिवाय जून २०२० मध्ये पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांच्यासाठी निदर्शनं करणाऱ्यांना पकडून पोलिसांनी याच स्टेडियमच्या आवारात आणलं होतं. विद्यापीठाने आपली परवानगी नव्हती असं सांगितलं, पण रॉबिन्सन यांच्या नावाच्या जागी हे घडावं याची मला आजही चीड येते.

२०२८ पर्यंत इथे ६ हजार बेघर माजी सैनिकांची सोय करण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश मे २०२५ मध्ये निघाला. माझी मागणी एवढीच आहे: किती घरं, कोणत्या जागी, कोणत्या महिन्यात तयार होणार याचं वेळापत्रक जाहीर करा. त्यातल्या पहिल्या वसाहतीला लेफ्टनंट जॅक रॉबिन्सन यांचं नाव द्या, हुद्द्यासकट.

आपला,
लॉस एंजेलिसचा एक मराठी रहिवासी