बुडबुड्यांकडे बघ

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

"घरात खायला काहीच नाही" म्हणालास आणि पाठोपाठ डब्यांची यादी वाचलीस: डाळीचं पीठ, तांदळाची पिठी, कणीक, रवा, चार कांदे. याला "काहीच नाही" म्हणतात होय? तू भजी आणि शंकरपाळ्यांचं प्रमाण विचारलंस, ते देतोच. पण त्याआधी एक सांगतो, तळताना बुडबुड्यांकडे बघायला शीक. ते तेलाचे नसतात. पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, त्याचे असतात. पाणी गेल्याशिवाय कुरकुरीतपणा येत नाही, म्हणून बुडबुडे जोरात येत असताना झारा लावून बाहेर काढायची घाई नको. ते मंदावले, चरचर कमी झाली, की काढ. नुसत्या रंगावर जाऊ नकोस. तेल फार तापलं असेल तर वरून लाल आणि आत कच्चं, असंही होतं.

पहिल्यांदा कांदाभजी कर. दोन कांदे उभे, पातळ चिर. अर्धा चमचा मीठ लावून हाताने चुरड आणि दहा मिनिटं ठेवून दे. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, तेवढंच पुरे. वरून थेंबभरही घालू नकोस. मग तिखट, हळद, ओवा, आणि डाळीचं पीठ चमचा-चमचा करत कांद्याला जेमतेम लागेल एवढंच. पीठ जास्त झालं की भजी नाही, पिठाचे गोळे खातोयस असं वाटतं. शेवटी दोन चमचे तांदळाची पिठी. तिच्यात गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे भजी जास्त वेळ कुरकुरीत राहतात. सोडा घालायचा मोह होईल. घालू नकोस, जरा जास्त पडला की भजी तेल पितात.

तेल तापलं का ते बघायला पिठाचा कण टाक. तळाशी बसून राहिला तर थांब, लगेच काळा पडला तर आच कमी कर, बुडबुडत वर आला तर सुरू कर. थर्मामीटर असेल तर १७० ते १८० अंश सेल्सिअस. एका वेळी कढई भरून टाकू नकोस. तेल एकदम निवतं आणि मग सगळी भजी तेलकट होतात.

खाऱ्या शंकरपाळ्यांचं तंत्र उलटं. तिथे आच मंद. दोन वाट्या कणीक, पाव वाटी रवा, मीठ, जिरं आणि चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. मोहन आधी चमच्याने कालव, मग हाताने पिठाला नीट चोळ. पिठाची मूठ वळली आणि बोटाने दाबल्यावर फुटली, की मोहन बरोबर. कमी पडलं तर शंकरपाळे दाताला कडक लागतात, जास्त झालं तर तेलात विरघळतात. पीठ घट्ट भिजव, वीस मिनिटं झाकून ठेव, लाटून काप. मंद आचेवर वेळ लागतो, कंटाळा येतो, पण मोठ्या आचेवर आतलं पाणी निघतच नाही आणि दुसऱ्या दिवशी ते मऊ पडतात.

काढल्यावर ताटात ढीग करू नकोस. खालच्यांची वाफ वरच्यांना लागते. चाळणीत पसरव, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नकोस.

कढई निम्मीच भर, झारा कोरडा हवा. तेलातून धूर आला तर गॅस बंद. पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर झाकण टाक. पाणी अजिबात ओतायचं नाही. एवढं मात्र पाठ कर.

उरलेलं तेल गार झालं की गाळून ठेव, दोन-चार दिवसांत फोडणीला संपव. काळं पडलं असेल किंवा वास येत असेल तर जीव अडकवू नकोस, टाकून दे. बेसिनमध्ये नको, बाटलीत भरून.

आई विचारतेय, ओवा आहे का तुझ्याकडे. नसला तर भज्यांतही जिरंच घाल, चालतं.

तुझा,
बाबा