मा. केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: दाव्यामागचा पुरावा आम्हालाही वाचू द्या

महोदय,

स. न. वि. वि.

वनस्पतींच्या अर्काच्या पूरक आहाराची एखादी बाटली मागवून बघा. दर्शनी बाजूला यकृताचं चित्र, खाली ठळक ‘डिटॉक्स’. मागे, चष्मा लावूनही डोळे बारीक करावे लागतील अशा टायपात, ‘औषधी वापरासाठी नाही’. ही सूचना 2016च्या न्यूट्रास्युटिकल (म्हणजे पूरक आहाराच्या) नियमांनी सक्तीची केली आहे. नियम पाळला गेला, आणि गिऱ्हाईक चित्र बघून बाटली घेऊन गेलं. खरं तर 2018च्या जाहिरात व दावे नियमांत चित्रातून किंवा आडून सुचवलेली गोष्टही दावाच धरली आहे. पण ती धरायची कोणी?

‘मधुमेह बरा करतो’ असं छापायला बंदी, म्हणून ‘साखरेची निरोगी पातळी राखण्यास साहाय्यक’ असं छापतात. वकिलाला यातला फरक कळतो. ज्याचा शुगरचा रिपोर्ट कालच हातात पडलाय, त्यालाही तो कळावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

माझं खरं भांडण ‘हजारो वर्षांची परंपरा’ या पुराव्याशी आहे. हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य गुणकारी मानला जाणारा घटक, साधारण 3 टक्के असतं, कॅप्सूलमधल्या अर्कात ते 95 टक्क्यांपर्यंत नेतात. शिवाय ते अंगी लागावं म्हणून मिरीतलं पायपरीन घालतात, आणि हेच पायपरीन काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवू शकतं. परंपरा पुडीची आहे, कॅप्सूलची नाही. तसंच अश्वगंधाचं. मुळावर झालेली चाचणी पानांच्या अर्काला लागू होत नाही, कारण दोन्हींतल्या घटकांचं प्रमाण वेगळं. मात्रा बदलली तरी तेच.

युरोपात वनस्पतींबद्दलचे दोन हजारांवर दावे वर्षानुवर्षं तपासणीविना पडून आहेत. 30 एप्रिल 2025 रोजी तिथल्या न्यायालयाने केशराच्या अर्काने मनःस्थिती सुधारते, अशा दाव्यावर निकाल दिला: तपासणी होऊन मान्यता मिळेपर्यंत तो जाहिरातीत वापरता येणार नाही. दिरंगाई सरकारी असली तरी तिचा फायदा विक्रेत्याला नाही. हे मला पटतं.

आपल्याकडे पुरावा बहुधा कंपनीच्या फाइलीत राहतो आणि तक्रार आली तरच बाहेर निघतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 53 खाली दंड जास्तीत जास्त 10 लाख; मोठ्या कंपनीला तो जाहिरातखर्चातच धरता येतो. त्यात तीच वनस्पती आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर विकली, की तक्रारदाराला दुसऱ्या मंत्रालयाचं दार ठोठावावं लागतं.

मागणी एकच. बाटली बाजारात येण्याआधी तिच्यावरचा प्रत्येक आरोग्यदावा अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदला जावा: वनस्पतीचा कोणता भाग, कोणता अर्क, रोजची मात्रा किती आणि माणसांवरची नेमकी कोणती चाचणी. कोणती औषधं चालू असताना घेऊ नये, हेही तिथेच हवं. नोंद नसेल तर दावा छापायचा नाही. कंपन्या म्हणतात पुरावा तयार आहे. मग नोंदीला सहा महिन्यांची मुदत पुरेशी व्हावी.

आपला,
एक ग्राहक