हैदराबाद लांब नाही, बाबा

पुणे, शुक्रवार

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा ‘जेवलात का’वर येऊन थांबले. म्हणून लिहिते. माझी पुण्याची नोकरी ऑगस्टमध्येच गेली. गणपतीत घरी आले तेव्हा मी रजेवर नव्हते. आई, ‘यंदा बरी आठ दिवस सुट्टी दिली’ असं तू म्हणालीस आणि मी नुसती मान हलवली. ते तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. माफ कर.

आता काळजीचं कारण नाही. हैदराबादला नोकरी मिळाली आहे, मी सही करून दिली आहे, १५ तारखेला रुजू व्हायचं आहे. तुम्हाला विचारून ठरवलं नाही, हे मला कळतं. होकार चार दिवसांत द्यायचा होता. आणि बाबा, विचारलं असतं तर ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणून तुम्ही रात्रभर कूस बदलत राहिला असता.

हैदराबाद लांब नाही हो. पुण्याहून सोलापूरचं घर अडीचशे किलोमीटर, तिथून तीनशेच्या थोडं वर. रस्ताही तोच, ६५ नंबरचा हायवे, फक्त मी आता दुसऱ्या बाजूने येईन. हुसेनसागर एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते. शिवाय आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. गुरुवार-शुक्रवार मागून घेतले की महिन्यातून एकदा बुधवारी रात्री निघून रविवारपर्यंत तुमच्याजवळ. लॉकडाऊनमध्ये शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून दीड वर्ष काम केलंच की मी. ते मशीन तेवढं खिडकीपाशी राहू द्या.

पगार पहिल्यापेक्षा १५ टक्के कमी आहे, तेही सांगून टाकते. २०२१-२२ मध्ये कंपन्यांना माणसं मिळत नव्हती, तेव्हा मी ४० टक्के वाढ घेऊन नोकरी बदलली होती. तो पूर होता, ओसरला. परदेशातली कामं आटली आणि माझ्यासारख्या हाताने सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्यांना आधी घरी बसवलं. माझ्या कामात खोट नव्हती, बाबा. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा सांगितलंय. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला की हप्ता निघतो, म्हणून पैसे पाठवायचा विचारसुद्धा करू नका.

गिरणी बंद झाली त्या वर्षीचं आठवत होतं मला. भोंगा थांबला आणि तुम्ही चाळिशीत अक्कलकोट रोडला जकार्ड, म्हणजे नक्षी विणणारा माग, शिकायला गेलात, तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान पोराच्या हाताखाली. रात्री आलात की तुमच्या भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. मी मांडीवर बसून एकेक काढायचे, आणि तुम्ही डोळे मिटून बसायचात. ऑक्टोबरमध्ये मी रोज पहाटे पाचला उठून पायथन शिकत होते, टेस्टिंग आपोआप करणारं सेलेनियम शिकत होते, तेव्हा तेच डोळ्यांपुढे यायचं. तुम्ही तेव्हा काय सोसलंत ते मला आता कळलं.

आत्याचा ओंकारही नोकरी शोधतोय, त्याला मात्र माझ्या वतीने सांगा, आत्याला वाईट वाटणार नाही अशा बेताने. दिवसाला पन्नास ठिकाणी तोच बायोडाटा टाकू नको. रंगीत, दोन रकान्यांचा तर नकोच, तो आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्याचा गोंधळ होतो. साधा, एका रकान्यात, जाहिरातीतले शब्द खरे लागू असतील तेच घालून पाठव. मी ९० अर्ज केले, मुलाखतीला सहा ठिकाणी बोलावलं, आणि नोकरी शेवटी जुन्या टीममधल्या मैत्रिणीने नाव सुचवल्यामुळे लागली. म्हणजे लाजून घरी बसायचं नाही, ओळखीच्यांना सांगायचं. मी दोन महिने कुणाला सांगितलं नाही, ते दोन महिने फुकट गेले. आणि लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंगची फी म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर एक रुपया द्यायचा नाही. ती नोकरी नसते.

आता तुमचं. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून मी मुदतीतच आईला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत घेतलंय. हप्ता भरला आहे. बाबा, तुम्हाला सत्तर पूर्ण झाली, आता आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढायचंच. उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, आधार कार्ड लागतं. ‘सरकारी कागद कशाला’ हे ऐकून घेणार नाही. आई, तू शुगर तपासून महिना झाला. जेवणाआधीची आणि नंतरची, दोन्ही. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर तेही सांग, लपवू नको. लपवण्यात मी कुणाला बोलू शकत नाही, तरी सांग. तिथे मी बिऱ्हाडात गॅस घेतलाय, ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी रोज होईल. शेंगाचटणी तेवढी लागेल.

पुढच्या शनिवारी पुण्याहून निघते. सामान टेम्पोतून पुढे जाईल, मी दोन दिवस घरी उतरते. बाबा, स्टेशनवर येऊ नका, थंडी आहे, रिक्षाने येईन. दाराची कडी फक्त काढून ठेवा.

तुमची,
बेबी