‘डॅरिया’ ही उष्ट्यावर वाढलेली मालिका नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील, मोठ्यांसाठी काढलेल्या ॲनिमेशन मालिकांविषयीचा लेख मी दोनदा वाचला. या विषयावर मराठीत कोणी आस्थेने लिहितो याचे समाधान वाटले. मात्र यशस्वी मालिकेतील एखादे दुय्यम पात्र उचलायचे आणि त्याच्याभोवती दुसरी मालिका उभी करायची, म्हणजे जुन्या लोकप्रियतेच्या उष्ट्यावर जगणे होय, असा जो सरसकट निकाल लेखकाने दिला आहे, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ ‘डॅरिया’ या अमेरिकी मालिकेला ‘द क्लीव्हलँड शो’च्या पंक्तीला बसवले आहे, तो मला अन्यायाचा वाटतो. असा स्पिन-ऑफ कोठून निघाला यावरून त्याची किंमत ठरत नाही. घरातून बाहेर पडलेल्या त्या पात्राला पुढे कोणते घर मिळाले, हे पाहावे लागते.

प्रथम क्लीव्हलँडविषयी. ‘फॅमिली गाय’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेतील क्लीव्हलँड ब्राउन हा नायक पीटर ग्रिफिनच्या मित्रमंडळीतील सर्वांत सौम्य माणूस. आरडाओरडा करणाऱ्यांच्या टेबलावर एक जण सावकाश बोलतो, ऐकून घेतो, दुखावला गेला तरी सभ्यपणा सोडत नाही, यातच त्याचे सारे मोल होते. २००९ साली फॉक्स वाहिनीने त्याला स्वतःची मालिका दिली आणि ऱ्होड आयलंडमधून उचलून व्हर्जिनियातील स्टूलबेंड या गावी नेले. तेथे त्याला काय मिळाले? बायको, तीन मुले, त्यांतील धाकटा वयापेक्षा फार पुढचे बोलणारा, शेजारीपाजारी, मित्रांसह बसायचा गुत्ता आणि पीटरकडच्या बोलणाऱ्या कुत्र्याच्या जागी बोलणारे अस्वल. म्हणजे पीटरच्या घराचाच आराखडा! त्याच्या सख्ख्या मुलाचा स्वभावसुद्धा बदलला. जुन्या मालिकेत एका जागी न ठरणारा क्लीव्हलँड ज्युनियर येथे जाडजूड आणि संथ झाला. मालिका चार पर्वे आणि ८८ भाग चालली, म्हणजे तिला प्रेक्षकच नव्हते असे नाही. परंतु ज्या शांतपणासाठी हा माणूस निवडला, त्या शांतपणाला करण्यासारखे काम त्या घरात फारसे उरले नाही. २०१४ मध्ये तो ‘फॅमिली गाय’मध्ये परतला आणि आपल्या जुन्या जागी पुन्हा शोभू लागला. या मालिकेपुरते लेखकाचे म्हणणे मी मान्य करते.

‘डॅरिया’ची गोष्ट मुळातच वेगळी आहे. माइक जज यांची ‘बीव्हिस अँड बट-हेड’ ही मालिका १९९३ साली एमटीव्हीवर सुरू झाली. टेक्सासातल्या हायलँड या काल्पनिक गावातील दोन मठ्ठ, वाह्यात पोरांच्या या मालिकेत एखादी हुशार मुलगी असावी, असे वाहिनीच्या मंडळींना वाटल्यामुळे डॅरिया मॉर्गेनडॉर्फर आली. ती त्याच शाळेत शिकणारी, गोल चष्मा लावणारी, सपाट आवाजात बोलणारी. ती दोघे तिच्या नावावरून हगवणीचा इंग्रजी शब्द जुळवून तिला चिडवत, आणि ती त्यांच्याकडे प्रयोगशाळेतल्या नमुन्याकडे पाहावे तशी पाहत असे. तेथे तिचे काम एवढेच होते. त्यांचा मठ्ठपणा उठून दिसावा म्हणून ती शहाणी होती. तिला आई होती का, मैत्रीण होती का, रात्री झोप लागत होती का, हे विचारण्याची त्या मालिकेला गरजच नव्हती.

त्याच मालिकेवर काम केलेले ग्लेन आयक्लर आणि सुझी लुईस यांनी मार्च १९९७ मध्ये ‘डॅरिया’ सुरू केली. माइक जज यांनी पात्र वापरू दिले, मात्र मालिकेच्या निर्मितीत ते नव्हते. बीव्हिस आणि बट-हेड या मालिकेत एकदाही दिसत नाहीत. जिला उष्ट्यावर जगायचे आहे तिने तर त्यांना पहिल्याच भागात पाहुणे म्हणून बोलावले असते! येथे उलट झाले. ट्रेसी ग्रँडस्टाफ यांचा आवाज, चष्मा आणि नजर तेवढी जुनी राहिली. बाकी सारे, म्हणजे लॉन्डेल हे उपनगर, ऑफिसच्या फोनवरून न उठणारी वकील आई हेलन, आपल्या वडिलांच्या आठवणीने मध्येच भडकणारे बाबा जेक, लोकप्रियतेचा ध्यास घेतलेली आणि डॅरियाची ओळख चुलत-मावस बहीण म्हणून करून देणारी धाकटी क्विन, आणि चित्रे काढणारी जिवाभावाची मैत्रीण जेन लेन, हे सर्व त्या एका नजरेसाठी नव्याने रचले गेले.

आणि मग लेखकांनी ती नजरच तपासायला घेतली. माझा खरा मुद्दा हा आहे. दुय्यम पात्र असताना डॅरिया नेहमी बरोबर असे, कारण तिच्यासमोर उभे असलेले दोघे नेहमी चूक असत. नायिका झाल्यावर मात्र तिला चुकण्याचा अधिकार मिळाला. पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागात शाळेचा एक माजी फुटबॉलपटू, उद्धट आणि कोणालाच न आवडणारा, त्याच्याच गौरवार्थ आणलेल्या गोलपोस्टखाली सापडून मरतो. त्यानंतर एकामागून एक सगळे डॅरियाकडे येऊ लागतात, कारण दुःखाचा विचार करणे हा जणू तिचाच प्रांत आहे अशी सर्वांची समजूत असते. आपल्याविषयी लोकांनी काय धरून ठेवले आहे हे तिला तेव्हा कळते. तिसऱ्या पर्वात ती कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहते आणि आपल्यालाही चांगले दिसावेसे वाटते, या जाणिवेने इतकी खजील होते की स्वच्छतागृहात जाऊन बसते. चौथ्या पर्वाच्या शेवटी जेनच्या प्रियकराच्या, टॉमच्या, बाबतीत ती जे करते त्याला कोणतीही सबब पुरत नाही, आणि मालिकाही तिला सबब पुरवत नाही. पाच पर्वांच्या ६५ भागांतील शेवटच्या भागात एक मोठे खोके पाहून तिला लहानपणची रात्र आठवते. मूल इतरांत मिसळत नाही म्हणून शाळेने पालकांना बोलावलेले, घरी आईवडिलांचे भांडण जुंपलेले, आणि ती खोक्यात बसून सारे ऐकत आहे. आपले वेगळेपण ही आपली एकटीची कमाई आहे असे मानणाऱ्या मुलीला, त्याची किंमत घरातील इतरांनीही मोजली होती, हे तेव्हा उमगते.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिते. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. माझी भाची शिक्षणासाठी अमेरिकेत होती. तिने २०१० साली निघालेला या मालिकेचा डीव्हीडी संच आणला आणि सुट्टीत आम्ही दोघींनी तो मिळून पाहिला. (मूळ प्रक्षेपणातील बहुतेक गाणी हक्कांच्या खर्चामुळे त्या संचात बदललेली होती, याचे तिला फार वाईट वाटे.) मालिकेतील ओ’नील सर मनाने अतिशय चांगले आहेत, पण त्यांना मुलांची नावे नीट आठवत नाहीत. पहिल्याच भागात शाळा बदलून आलेल्या डॅरियाला एका चाचणीच्या आधारे आत्मसन्मान वाढवण्याच्या वर्गात घातले जाते आणि तो वर्ग हेच सर घेतात. तिच्यात आत्मसन्मानाची उणीव नसते. आजूबाजूच्यांविषयी तिला आदर नसतो, आणि या दोन गोष्टींतला फरक ओळखण्याची सवड त्या शाळेकडे नसते. तो भाग पाहताना मला माझ्या वर्गातील, खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरची एक मुलगी आठवली. तिच्या प्रगतिपुस्तकावर सलग दोन वर्षे मी ‘वर्गात बोलत नाही’ असा शेरा लिहिला होता, आणि ती निबंधांतून किती बोलत होती हे मी तेव्हा वाचलेच नव्हते. ज्या मालिकेने मला हे वीस वर्षांनी दाखवले, तिला उष्टे म्हणणे मला जमणार नाही.

शिक्षकांच्या संपावरचा पाचव्या पर्वातील भाग लेखकाने अवश्य पाहावा. त्यात डॅरियावर ओ’नील सरांचा वर्ग घेण्याची वेळ येते आणि समोर क्विन आपल्या मैत्रिणींसह बसलेली असते. कित्येक भागांतून जिने सख्ख्या नात्याची ओळख टाळली, ती क्विन त्या भागात मैत्रिणींसमोर सांगते की ही माझी बहीण आहे. हा क्षण दीर्घ मालिकेतच शक्य होतो. दुसऱ्याच्या गोष्टीत अधूनमधून डोकावणाऱ्या पात्राच्या वाट्याला तो कधी येत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. ज्यांनी एका दुय्यम मुलीला घर दिले, त्यांनी तिच्या मालिकेतील दुय्यम मुलींनाही नुसते सजावटीला उभे केले नाही. जोडी लँडन ही लॉन्डेलमधील मोजक्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एक. प्रत्येक समितीत ती असते, प्रत्येक परीक्षेत ती पुढे असते. आपल्या चुकीचा हिशेब आपल्या एकटीच्या नावावर मांडला जाणार नाही, तो सगळ्या समाजाच्या नावावर मांडला जाईल, या ओझ्याविषयी ती डॅरियाशी बोलते, तेव्हा हुशार, तुटक, एकटे राहण्याची चैन आपल्याला परवडते आणि हिला परवडत नाही, हे डॅरियाला ऐकून घ्यावे लागते. त्या प्रसंगी नायिका दुय्यम होते. इतका मोकळेपणा मी फार थोड्या मालिकांत पाहिला आहे, आणि त्या ॲनिमेशनच्या असोत वा नसोत.

जानेवारी २००२ मध्ये एका दूरचित्रवाणीपटाने ही गोष्ट संपली. डॅरिया आणि जेन दोघीही बॉस्टनमधील महाविद्यालयांत जायला निघाल्या. पुढे २०१८ साली एमटीव्हीने याच विश्वातील नव्या मालिकेची घोषणा केली, आणि तिचे रूप बदलत जाऊन ती जोडी लँडनची गोष्ट ठरली. तिच्या आवाजासाठी अभिनेत्री ट्रेसी एलिस रॉस यांचे नावही जाहीर झाले. ही नवी गोष्ट अद्याप प्रेक्षकांसमोर आलेली नाही. ती यावी असे मला मनापासून वाटते, आणि तेव्हा तिच्यात डॅरिया एकदाही दिसली नाही तरी माझी तक्रार असणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा