विषय: संत्र्याचे सदोष कलम आणि त्यावर मिळालेला चुकीचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या रोपवाटिकेतून मागवलेले संत्र्याचे कलम लावल्यापासून वाढलेच नाही. पालवी येते, जरा मोठी होते आणि पिवळी पडून गळते. हे मी आधी फोटोंसह कळवले होते. त्यावर "पाणी वाढवा, खत द्या, खालून नवे फुटवे आलेत म्हणजे झाड सुधारतंय" असे उत्तर आले.

ते फुटवे कलमाच्या जोडाखालून आलेले होते. त्यांची पाने तीन-तीन दलांची होती, संत्र्याचे पान तसे नसते. म्हणजे वाढत होता तो खुंट, ज्या खालच्या झाडावर संत्र्याचे कलम बांधलेले असते ते, आणि वरचे संत्रे उपाशी मरत होते. कलमे विकणाऱ्या कंपनीला फोटो पाहूनही हे कळू नये, याचा मला खरोखर संताप आला.

पाण्याचा प्रश्न नव्हताच. जमिनीचा निचरा चांगला आहे आणि आळ्यात वाफसा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी, असल्याशिवाय मी पुन्हा पाणी देत नाही. लोह कमी पडले असते तर कोवळी पाने पिवळी होऊन शिरा हिरव्या राहिल्या असत्या. नत्र कमी असते तर आधी खालची जुनी पाने सरसकट फिकटली असती. इथे उलट शिराच पिवळ्या आणि मधला भाग हिरवट होता. संत्रावर्गीय झाडात असे दिसले की मुळे किंवा साल तपासावी लागते.

तपासल्यावर जोडाभोवती गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी सापडली. पारदर्शक असल्याने ती वरवर दिसतही नव्हती. जोड एकजीव झाला की ही पट्टी काढायची असते, आणि ते काम रोपवाटिकेचे. इथे ती सालीत रुतली होती. पट्टीच्या वर खोड फुगलेले, खाली बारीक, आणि सोडवल्यावर सालीत नख बसेल एवढी खाच. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. ती वाटच आवळली गेली, तर वरून कितीही खत घालून काय उपयोग?

मुळांचीही तीच गत. बाहेरची माती भुसभुशीत, पण आत खोडाजवळ मुळांचे घट्ट वेटोळे. लहान पिशवीतून मोठ्या पिशवीत हलवताना ती कोणी मोकळी केलेली नाहीत.

मला पट्टी काढलेले, मुळे तपासलेले दुसरे कलम द्यावे किंवा पूर्ण पैसे परत करावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, याच खेपेतली कलमे ज्यांना गेली त्या सर्वांना पट्टी तपासायला आजच कळवावे. त्यांची झाडे अजून वाचू शकतील. रोपासोबतच्या माहितीपत्रकातही पट्टीचा आणि खुंटाचे फुटवे काढण्याचा उल्लेख हवा. सध्या त्यात फक्त खताचे वेळापत्रक आहे.

जोड, पट्टी, मुळे आणि फुटव्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. उत्तर लेखी द्यावे, आणि ते कलमांची माहिती असलेल्या व्यक्तीकडून यावे.

आपली,
एक ग्राहक